लहान मुलांसह शँपेन-अर्बानाला येताना: आमचा अनुभव, कामांच्या क्रमासह

अमेरिकेच्या इलिनॉय राज्यात, शिकागोच्या दक्षिणेला सुमारे १३५ मैलांवर, मका आणि सोयाबीनच्या शेतांमध्ये शँपेन आणि अर्बाना ही जोडशहरं आहेत. दोन्ही मिळून वस्ती सव्वा लाखाच्या आसपास, आणि गावाचा कणा म्हणजे १८६७ साली स्थापन झालेलं इलिनॉय विद्यापीठ. पाच वर्षांची मुलगी आणि दोन वर्षांचा मुलगा घेऊन आम्ही २०२४ साली पुण्याहून इथे आलो, तेव्हा नोकरी, व्हिसा, विमान ही तयारी पक्की होती. मुलांची कामं कोणत्या क्रमाने करायची, हे मात्र इथे आल्यावर कळलं. तो क्रम इतरांना आधीच माहीत असावा म्हणून हे लिहितोय.

हे गाव ऑगस्टवर चालतं. विद्यापीठातल्या बहुतेक नेमणुका १६ ऑगस्टपासून, शाळाही त्याच सुमारास सुरू, भाडेकरार ऑगस्टमध्येच बदलतात, आणि शाळेच्या तपासणीसाठी मुलांच्या डॉक्टरांकडे गर्दीही तेव्हाच. नेमणुकीच्या पत्रावरची तारीख नोकरी करणाऱ्याची असते. मुलं बरोबर असतील तर शाळेच्या पहिल्या दिवसापासून मागे मोजत यायचं, आणि तसं मोजलं की जुलैचा पहिला-दुसरा आठवडा निघतो. जे-१ (पाहुणे संशोधक वगैरेंचा) व्हिसावर डीएस-२०१९ या विद्यापीठाकडून मिळणाऱ्या कागदावरच्या सुरुवातीच्या तारखेआधी जास्तीत जास्त ३० दिवस प्रवेश मिळतो, एफ-१ (विद्यार्थी) व्हिसाला तेच, एच-१बी (नोकरी) व्हिसाला फक्त १० दिवस. म्हणून विद्यापीठातला आपला विभाग कागद तयार करतो तेव्हाच सुरुवातीची तारीख लवकरची मागावी. नंतर बदलणं कटकटीचं असतं.

जे-१वर येणाऱ्यांना विम्याची अट असते आणि ती मुलांनाही लागू असते: प्रत्येक आजार किंवा अपघातासाठी किमान १ लाख डॉलर, रुग्णाला मायदेशी नेण्यासाठी ५० हजार, मृतदेह पाठवण्यासाठी २५ हजार, आणि स्वतः भरायची रक्कम ५०० डॉलरहून जास्त नाही. नोकरीच्या विम्यात मुलांची नावं घालायला ठरावीक दिवसांचीच मुदत मिळते. ते पहिल्या आठवड्यातच करून टाकावं.

पहिलं मोठं काम घर, कारण पत्ता नसेल तर शाळेत नाव घालता येत नाही. कॅम्पसलगतचे चांगले फ्लॅट आदल्या वर्षीच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून जायला लागतात. जुना करार संपणं आणि नवा सुरू होणं यात अनेकदा काही दिवसांची फट असते, त्या दिवसांत हॉटेलं महाग आणि भरलेली. कॅम्पसमधून जाणाऱ्या ग्रीन स्ट्रीटच्या आसपासची घरं नकाशावर सोयीची दिसतात, पण तिथे पदवीच्या मुलांची वस्ती, रात्री उशिरापर्यंत गोंगाट आणि खोलीवार करार. लहान मुलं असतील तर अर्बानाच्या दक्षिणेला विद्यापीठाचं ऑर्चर्ड डाउन्स बघावं. देशोदेशीची कुटुंबं तिथे राहतात. प्रतीक्षायादी असते, म्हणून नेमणुकीचं पत्र हातात आलं की त्याच आठवड्यात अर्ज करावा. खाजगी घरमालक सोशल सिक्युरिटी क्रमांक (इथला सरकारी ओळख क्रमांक) आणि क्रेडिट इतिहास (इथल्या कर्जफेडीची नोंद) मागतात. ते नसेल तर नेमणुकीचं पत्र पाठवून जादा डिपॉझिटवर बोलणी होऊ शकतात. घर कुणीतरी प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय पैसे पाठवू नयेत. सही करण्याआधी करार विद्यापीठाच्या भाडेकरू सल्ला कार्यालयाकडून वाचून घ्यावा.

१९७८ आधी बांधलेलं घर असेल तर शिशाच्या रंगाबद्दल जी माहिती असेल ती घरमालकाने लेखी द्यावी असा कायदा आहे. खिडकीच्या चौकटीवरचे पोपडे, धूळ, आणि ते बोट तोंडात घालणारं दोन वर्षांचं मूल, हे लक्षात ठेवून तो कागद वाचावा. इथले डॉक्टर घरच्या काजळाबद्दल, शेंदराबद्दल आणि सुट्या हळदीबद्दलही विचारतात. त्यातून शिसं मुलांच्या रक्तात गेल्याच्या नोंदी आहेत, म्हणून प्रश्नाचा राग न मानता खरं उत्तर द्यावं. ऑगस्टमध्ये विद्यार्थी फुटपाथवर सोफे आणि गाद्या टाकून जातात. त्या उचलू नयेत, ढेकूण येतात. बाळाचा पाळणा जुना घेणार असाल तर एक बाजू खाली सरकणारा घेऊ नका, तशा पाळण्यांची विक्री २०११पासून बंद आहे.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला लसीकरणाच्या कार्डाने. आपलं कार्ड म्हणजे घडी घातलेली पुस्तिका, त्यात कुपीवरची चिकटवलेली लेबलं, डॉक्टरांची सही आणि बॉलपेनने टाकलेली तारीख. मुलीच्या कार्डावर एमएमआरच्या (गोवर, गालगुंड, रुबेला) दुसऱ्या डोससमोर ०५/११/२०२० लिहिलं होतं, म्हणजे ५ नोव्हेंबर. इथे महिना आधी लिहितात, त्यामुळे तपासणाऱ्या बाईंनी तो ११ मे म्हणून नोंदवला. मुलीचा जन्म ऑगस्ट २०१९चा. कागदावर तो डोस नऊ महिन्यांच्या बाळाला दिल्यासारखा झाला आणि पहिल्या वाढदिवसाआधीचा म्हणून बाद ठरला. पुण्याहून डॉक्टरांचं पत्र येऊन नोंद दुरुस्त व्हायला तीन आठवडे गेले.

हे टाळायचं तर निघण्याआधी आपल्या डॉक्टरांकडून लेटरहेडवर टाइप केलेली इंग्रजी यादी घ्यावी: लसीचं शास्त्रीय नाव, आणि तारखेत महिना अक्षरात. कंपनीचं नाव इथे कुणाला कळत नाही. ‘पेंटाव्हॅलेंट’च्या पुढे डीटीपी (घटसर्प, धनुर्वात, डांग्या खोकला), हिपॅटायटिस बी, हिब असं फोडून लिहून घ्यावं, नाहीतर डीटीपीचा रकाना रिकामा राहतो.

यादी हातात आली की ती इथल्या नियमांवर लावून बघावी. खरी गाठ इथेच पडते. एमएमआरचे दोन डोस हवेत आणि पहिला वाढदिवस झाल्यावरचेच धरले जातात. भारतात खाजगीत नवव्या महिन्यात, पंधराव्या महिन्यात आणि चार ते सहा वर्षांत असे तीन डोस देतात. त्यातला पहिला इथे मोजत नाहीत, त्यामुळे तिसरा देऊनच निघावं. सरकारी केंद्रात एमआर (गोवर, रुबेला) दिलेली असेल तर त्यात गालगुंड नसतो, म्हणजे एमएमआर घ्यावीच लागते. कांजिण्यांचे दोन डोस हवेत, आणि सरकारी वेळापत्रकात ती लस नाहीच. पोलिओचे १ एप्रिल २०१६नंतर पाजलेले तोंडावाटेचे थेंब मोजत नाहीत, इंजेक्शनचे डोस मोजतात. पोलिओ आणि डीटीपी दोन्हींचा शेवटचा डोस चौथ्या वाढदिवसानंतरचा लागतो. टायफॉइड किंवा जपानी मेंदूज्वराला फॉर्मवर रकाना नाही, त्याची काळजी नको.

एमएमआर आणि कांजिण्या या जिवंत विषाणूंच्या लसी एकाच दिवशी द्याव्यात, नाहीतर दोघींमध्ये २८ दिवसांचं अंतर हवं. निघायच्या आदल्या आठवड्यात घाईने एकच टोचून घेतली तर दुसरी महिनाभर लांबते. क्षयाची चाचणी सांगितली तर तीही एमएमआरच्याच दिवशी करावी, नाहीतर चार आठवडे थांबावं, कारण या लसीने चाचणी खोटी ‘नाही’ म्हणू शकते. आपल्या मुलांना जन्मतः बीसीजी ही क्षयाची लस दिलेली असते, त्यामुळे हातावरच्या त्वचाचाचणीत खोटं ‘आहे’ही येऊ शकतं. दोन वर्षांपुढच्या मुलांसाठी त्याऐवजी रक्ताची चाचणी मागावी.

यानंतर डॉक्टरांची तपासणी. इलिनॉयचा ठरलेला फॉर्म असतो, त्यावर अमेरिकेत परवाना असलेल्याचीच सही चालते, पुण्याचं प्रमाणपत्र चालत नाही. नव्या रुग्णाला वेळ मिळायला काही आठवडे सहज लागतात, म्हणून अपॉइंटमेंट भारतातूनच घ्यावी. फॉर्मवर आरोग्याच्या इतिहासाचा भाग पालकांनी भरून सही करायची असते. तो कोरा राहिला तर डॉक्टरांची सही असूनही फॉर्म परत येतो. तपासणी आणि लसी यांची कागदपत्रं १५ ऑक्टोबरपर्यंत शाळेत पोचली पाहिजेत, नाहीतर मुलाला घरी पाठवतात. शाळा याआधीची तारीखही ठरवू शकते. किंडरगार्टनसाठी (पहिलीच्या आधीचा वर्ग) डोळ्यांची तपासणीही १५ ऑक्टोबरपर्यंत, दातांची १५ मेपर्यंत, आणि सहा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी शिशाची चौकशी किंवा रक्तचाचणी. डॉक्टर मिळेपर्यंत लसी राहिल्या असतील तर शँपेन-अर्बानाच्या सार्वजनिक आरोग्य विभागाकडे टोचून मिळतात.

किंडरगार्टनला १ सप्टेंबरपर्यंत पाच वर्षं पूर्ण हवीत. दोन तारखेचा जन्म असेल तर वर्षभर थांबा. शाळेत जन्मदाखला ३० दिवसांत दाखवावा लागतो. महाराष्ट्रातला दाखला मराठी-इंग्रजी असतो, भाषांतर लागत नाही, पण त्यावर मुलाचं नाव छापलेलं आहे ना ते निघण्याआधी बघा. नावाचा रकाना रिकामा राहिलेले दाखले आपल्याकडे पुष्कळ असतात. शाळेला व्हिसा विचारण्याचं कारण नाही, १९८२च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार मुलाला शिक्षण नाकारता येत नाही. अर्बानात पत्त्यावरून शाळा ठरते. शँपेनमध्ये पालकांकडून पसंतीक्रम घेतात, आणि ती प्रक्रिया वसंतातच सुरू होते. उशिरा येणाऱ्याला उरलेल्या जागांतून शाळा मिळते. घरी कोणती भाषा बोलता या प्रश्नाला खुशाल ‘मराठी’ लिहावं. मग मुलाची इंग्रजीची छोटी चाचणी होते आणि गरज असेल तर जादा मदत मिळते. ती शिक्षा नव्हे. शाळा दीड मैलाहून लांब असेल तर पिवळी बस मोफत.

दोन वर्षांच्या मुलाचं पाळणाघर हे पैशांच्या दृष्टीने सगळ्यात जड प्रकरण. राज्याच्या नियमाने पंधरा ते तेवीस महिन्यांच्या पाच मुलांमागे एक शिक्षिका, दोन वर्षांच्या आठ मुलांमागे एक. त्यामुळे जागा मोजक्याच असतात. ऑगस्टमध्ये मुलं वरच्या वर्गात सरकतात तेव्हाच त्या मोकळ्या होतात. तीन-चार ठिकाणी नाव आधीच घालून ठेवावं, आणि दर महिन्याला एक ईमेल करावा.

मुलांसाठीची गाडीतली खास सीट विमानतळावरून निघतानाच लागते. आठ वर्षांखालच्या मुलाला सीट बंधनकारक, दोन वर्षांखालच्याला मागे तोंड करून. मूल ४० पौंड किंवा ४० इंच झालं असेल तरच मागे तोंड करण्यातून सूट. भारतातली सीट इथल्या नियमात बसत नाही, आणू नये. बसवलेली सीट पट्टा जातो तिथे धरून हलवावी, एक इंचाहून जास्त हलली तर सैल आहे. छातीवरची क्लिप काखेच्या रेषेत. हिवाळ्यात जाडा कोट घालून पट्टे लावू नयेत, धक्क्यात कोट दबतो आणि पट्टा ढिला पडतो. कोट वरून पांघरावा.

औषधांबद्दल एक गोष्ट ठळक सांगावीशी वाटते. भारतातलं पॅरासिटामॉल सिरप ५ मिलीत १२० किंवा २५० मिलिग्रॅम असतं, इथे त्यालाच ॲसिटामिनोफेन म्हणतात आणि मुलांचं सिरप ५ मिलीत १६० असतं. चमच्याच्या मापावर जाऊ नका, मिलिग्रॅम मोजा. आणलेली बाटली आणि इथली बाटली एकाच कपाटात ठेवू नका.

डब्यात शेंगदाण्याचं कूट चालेल का हे शाळेला पहिल्याच दिवशी विचारा. अनेक वर्गांत दाण्यांना पूर्ण बंदी असते, कारण एखाद्या मुलाला त्याने जिवाला धोका असतो. म्हणजे साबुदाण्याची खिचडी, चटणी, कुटाची कोशिंबीर गेली. तूप-साखरेचा पोळीचा रोल, दहीभात, इडली चालते. जेवायला साधारण वीस मिनिटंच मिळतात आणि झाकण उघडून द्यायला कुणी येत नाही. स्टीलचा घट्ट डबा पाच वर्षांच्या हातांनी उघडतो का, हे घरी पाहून घ्यावं.

थंडीचे कपडे भारतातून आणू नका. स्नो पँट, आत लोकर असलेले वॉटरप्रूफ बूट आणि बोटं एकत्र राहतात तसे मिटन घ्या, हातमोज्यांत बोटं लवकर गारठतात. मिटनचे दोन जोड, कारण एक ओला होतोच. कडाक्याची थंडी नसेल तर मुलांना मधल्या सुट्टीत बाहेर सोडतात, म्हणून प्रत्येक वस्तूवर नाव घाला.

दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी सकाळी १० वाजता टोर्नेडोच्या (जमिनीवरच्या चक्रीवादळाच्या) भोंग्याची चाचणी होते. आदल्या रात्री मुलांना सांगून ठेवावं. ‘वॉच’ म्हणजे वादळ होऊ शकतं, ‘वॉर्निंग’ म्हणजे लगेच खालच्या मजल्यावरच्या, खिडकी नसलेल्या आतल्या खोलीत जायचं. वरच्या मजल्यावर राहत असाल तर कुठे जायचं ते घरमालकाला सही करतानाच विचारा. आमच्याकडे ती जागा म्हणजे तळमजल्यावरची न्हाणी, आणि तिथल्या कपाटात टॉर्च, पाण्याची बाटली आणि दोन्ही मुलांचे जुने बूट कायम ठेवलेले असतात.