चवळीवरचा मावा आणि माझा गाढवपणा

कोल्हापुरात आमच्या मंगळवार पेठेतल्या घराच्या गच्चीवर रंगाच्या रिकाम्या बादल्यांत चवळी लावलीय, आणि ह्या पावसाळ्यात तिच्या शेंड्यांवर काळा मावा, म्हणजे रस शोषणारी बारीक कीड, असा काय बसला की कोवळ्या शेंगा काळ्याठिक्कर. बोट फिरवलं तर चिकट, आणि वेलावरनं मुंग्यांची लाईन वरखाली चाललेली.

शेजारचे मामा म्हणाले, "अगं तंबाखूचं पाणी मार की, एका दिवसात साफ!" तंबाखूची निपाणी जवळ, त्यामुळं आमच्याकडं ज्याच्या त्याच्या तोंडी हाच उपाय. पण निकोटीन विषच, झाडातनं आलं म्हणून काय झालं, शेंगा आपणच खाणार ना, शिवाय तंबाखूतनं मोझॅक व्हायरस शेजारच्या मिरची-टोमॅटोला लागू शकतो ते वेगळंच. मामांनी सगळं ऐकून घेतलं आणि चिमूटभर तोंडात टाकली.

मग मी निंबोळी अर्क केला. ५० ग्रॅम वाळक्या निंबोळ्या कुटायच्या, फडक्यात पुरचुंडी बांधून रात्रभर पाण्यात ठेवायची, सकाळी पिळून गाळून एकूण १ लिटर करायचं, म्हणजे झाला ५ टक्क्यांचा, वर भांड्याच्या लिक्विडचे चार थेंब. मागं एकदा कपड्याची पावडर घातलेली, पानं करपली, तो नाद नको. उन्हात अर्क टिकत नाही म्हणून संध्याकाळी, पानाच्या खालच्या बाजूनं मारायचं, आणि उघडीप बघून, म्हणजे जुलैतल्या कोल्हापुरात कधी ते अंबाबाईलाच ठाऊक.

आता गाढवपणा. पानांवर काळपट, केशरी ठिपक्यांच्या, सुसरीच्या पिल्लासारख्या दिसणाऱ्या अळ्या दिसल्या, नवीन कीड समजून सात-आठ चिरडल्या मी. पुढची चिरडणार तोच बघते तर तिच्या तोंडात मावा! लेडीबर्डच्या, म्हणजे ढालकिड्याच्या अळ्या होत्या त्या, माझंच काम फुकटात करत होत्या बिचाऱ्या. लई वाईट वाटलं.

तेव्हापासनं अळ्या दिसतील तिथं फवारा बंद, नुसत्या पाण्याच्या झोतानं मावा पाडते. खरी गोम मुंग्यांत आहे, त्या माव्याचा गोड चिकटा खातात आणि त्यासाठी ढालकिड्यांना हाकलून लावतात. म्हणून बादलीच्या काठाखाली बोटभर रुंद व्हॅसलीनचा पट्टा फिरवला, वर बांधलेल्या सुतळीलाही लावलं. दोन दिवस झाडावर एक मुंगी नाही. तिसऱ्या दिवशी परत लाईन! अर्धा तास बादलीपाशी उकिडवी बसले तेव्हा दिसलं, एक पान भिंतीला टेकलं होतं, त्यावरनं सगळी पलटण वर चाललेली. पान खुडलं.