शिरस्त्राणावरचं शिंग

आजचा दिवस त्रिफोनच्या एका ब्राँझ नाण्यावर गेला. जेमतेम १८ मिलिमीटरचं, पण काय धीट नाणं आहे!

हा मूळचा दिओदोतस, सीरियातल्या अपामिया भागातला, सेल्युकिड म्हणजे तिथल्या ग्रीक राजघराण्याचा सेनानी. आधी त्याने लहानग्या राजपुत्राला, अँटिओकस सहाव्याला, पुढे करून राजा दुसऱ्या डिमीट्रियसविरुद्ध बंड केलं, आणि तो मुलगा मेल्यावर इ.स.पू. १४२ च्या सुमारास स्वतःच राजा झाला. नाण्यावर तो ग्रीकमध्ये लिहितो, 'बासिलेओस त्रिफोनोस आउतोक्रातोरोस', म्हणजे 'स्वयंसत्ताधीश राजा त्रिफोनचं'. हा शेवटचा शब्द आधीच्या कुठल्याही सेल्युकिड राजाने नाण्यावर घेतला नव्हता. घराण्याची कालगणना, म्हणजे सेल्युकिड शकही, त्याने सोडला आणि स्वतःची राज्यवर्षं मोजली.

मागच्या बाजूला टोकदार शिरस्त्राण आणि त्यावर रानबकऱ्याचं शिंग. इथेच घोळ होतो, कारण हेच शिरस्त्राण अँटिओकस सहाव्याच्या काही चांदीच्या नाण्यांवरही आहे. म्हणून आधी चेहरा बघा. मुलाच्या डोक्यावर सूर्यकिरणांचा मुकुट असतो, त्रिफोनच्या केसांना नुसती राजपट्टी. मग नाव वाचा. टॉर्च अगदी आडवा धरला की झिजलेली अक्षरंही सावलीने उठून दिसतात.

नाणं साफ करायला कृपा करून लिंबू किंवा व्हिनेगर लावू नका. अक्षरं बऱ्याचदा जुन्या ब्राँझवर चढलेल्या हिरव्या थरातच टिकलेली असतात. आम्लाने थर गेला की नावही गेलं. डिस्टिल्ड पाण्यात भिजवा, पाणी बदलत राहा, माती लाकडी टूथपिकने काढा.

त्याची चांदीची मोठी नाणी मात्र फार दुर्मीळ. इ.स.पू. १३८ च्या सुमारास अँटिओकस सातव्याने त्याला संपवलं, आणि ती बहुधा वितळवली गेली.