ताप उतरला, आकडे सुटायला लागले

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. ‘कोविड होऊन एवढी वर्षं झाली, आता विसरायला होतं ते वयाचंच असेल ना?’ असं मला नणंद विचारते, ऑफिसातले विचारतात, आणि बहुतेक जण उत्तर ठरवूनच विचारतात.

वयाचं म्हणावं, तर ते एका तापात येत नाही. एप्रिल २०२१ मध्ये, दुसऱ्या लाटेत, मला कोविड झाला. ऑक्सिजन लागला नाही, घरच्या घरी बरी झाले आणि पतसंस्थेत कामावर रुजू झाले. माझं काम हिशेबाचं. व्हाउचरवर ७,८५० वाचायचे आणि कीबोर्डकडे वळायचं, तेवढ्यात सात हजार उरायचे, पुढचं गायब. पिग्मी एजंट समोर बोलत असला तर तेही नाही. जुन्या खातेदारांचे नंबर मात्र सगळे पाठ. थकबाकीदार तर विसरायची सोयच नाही! म्हणजे जुनं काही पुसलं नव्हतं. नवीन आकडा क्षणभर धरून ठेवणं जमत नव्हतं, आणि एका वेळी दोन कामं तर अजिबातच नाही.

‘साधाच तर झाला होता’ हे वाक्य मला सगळ्यात खटकतं. २०२२ मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी ७८५ जणांच्या मेंदूचे आधीचे आणि नंतरचे स्कॅन ताडून पाहिले. त्यातल्या ४०१ जणांना मधल्या काळात कोविड झाला होता, बहुतेकांना सौम्यच. तरी वासाशी जोडलेल्या भागांत त्यांची घट इतरांपेक्षा थोडी जास्त निघाली, ०.२ ते २ टक्के. अर्थात ही सरासरी, प्रत्येकाची गोष्ट नव्हे. २०२४ मध्ये ब्रिटनमधल्या लाखाहून जास्त लोकांच्या ऑनलाइन चाचण्यांचे निष्कर्ष आले. पूर्ण बरे झालेल्यांतही, कोविड न झालेल्यांच्या तुलनेत, बुद्ध्यंकाच्या हिशेबात तीनेक गुणांची घट होती. त्रास चालूच राहिलेल्यांत ती सहाच्या आसपास होती, आयसीयूत राहिलेल्यांत नऊच्या. मला धीर दिला तो त्याच अभ्यासातल्या दुसऱ्या गोष्टीने: ज्यांचा लांबलेला त्रास अखेर थांबला, त्यांचे गुण लवकर बऱ्या झालेल्यांच्या जवळपासच होते.

विषाणू मेंदूत शिरावाच लागतो असंही नाही. स्टॅनफर्डच्या मिशेल माँजे यांच्या गटाने उंदरांत पाहिलं, की संसर्ग श्वसनमार्गापुरताच असूनही मेंदूतल्या मायक्रोग्लिया या रक्षक पेशी खवळलेल्या राहतात. भांडण मिटलं तरी गल्लीतला पोलीस बंदोबस्त उठत नाही, तसं काहीसं. चेतातंतूंचं आवरण बनवणाऱ्या पेशीही कमी झाल्या होत्या. आणि हे एकट्या कोविडचं नाही. फ्लू, डेंग्यू, चिकुनगुन्यानंतरही ‘डोकं चालत नाही’ म्हणणारे आपल्या आसपास असतात.

सल्ल्यांना तोटा नव्हता. भिजवलेले बदाम, ब्राह्मी, शब्दकोडी. डॉक्टरांनी आधी बी-१२ आणि थायरॉइड तपासायला लावलं, ते मला पटलं. आमच्यासारख्या शाकाहारी घरांत बी-१२ कमी असणं नवीन नाही. माझंही कमीच निघालं. इंजेक्शनं घेतली, पायाच्या मुंग्या गेल्या. आकडे मात्र लगेच परतले नाहीत. खरा उपयोग झाला तो ताळेबंदाचं काम सकाळी उरकण्याचा, आणि थकण्याआधी थांबण्याचा. रेटून काम केलं की दुसरा दिवस वाया जायचा. हे घरच्यांना समजावणं कठीण, कारण बाहेरून माणूस ठणठणीत दिसतो.

आता पुष्कळ बरं आहे. मार्चअखेरीच्या गर्दीत अजून अडखळते, पण काम होतं. तुमचं मात्र विसरणं महिन्यागणिक वाढत असेल, ओळखीच्या रस्त्यावर चुकायला होत असेल, तर कोविडच्याही माथी मारू नका आणि वयाच्याही. मेंदूच्या डॉक्टरांना दाखवा, आणि जाताना घरचं कुणीतरी सोबत न्या. काय काय विसरलात ते घरच्यांनाच नीट सांगता येईल.