वहीतले चार कोरे दिवस

मे महिना, सकाळचे साडेसहा. गीरमधल्या एका नाल्याच्या काठी, करवंदीच्या जाळीपाशी आमच्या अभ्यासातली सिंहीण आडवी पडली होती. अडीच महिन्यांचे तिचे तीन छावे दूध पीत होते. ट्रॅकरकाकांनी हळूच माझ्या दंडाला हात लावला. "बेन, सावज." गीरमध्ये सावज म्हणजे सिंह. सागाच्या उतारावरून एक नर खाली येत होता.

दुर्बीण लावली आणि पोटात गोळा आला. मिशांच्या पहिल्या ओळीवर जे सुटे ठिपके असतात, त्यांची मांडणी प्रत्येक सिंहाची वेगळी. डाव्या गालावर दोन, उजव्या गालावर तीन. तोच हा. दहा दिवसांपूर्वी यानं आणि याच्या जोडीदारानं पलीकडच्या खोऱ्यातल्या सिंहिणीचे दोन्ही छावे मारले होते. खाल्ले नव्हते. पिल्लं अंगावर असली की मादी जवळजवळ दोन वर्षं माजावर येत नाही. पिल्लं गेली की काही आठवड्यांत येते. नराला तेवढं कारण पुरतं.

"तुम्ही वाचवलं का नाही?" हा प्रश्न मला प्रत्येक जण विचारतो. मध्ये जीप आडवी घातली असती तर त्या दिवशीचे छावे वाचले असते कदाचित, पण तो नर दुसऱ्या दिवशी परत आला असता. आणि त्या जंगलात आम्ही कशासाठी बसलो आहोत, हेच लोकांना समजून घ्यायचं नसतं.

सिंहीण उठली, कान मागे पाडून मध्ये उभी राहिली. नर दहा-बारा फुटांवर थबकला. एक छावा आईला वळसा घालून थेट त्याच्या पुढच्या पंजापाशी गेला. नरानं मान खाली घातली, छाव्याच्या शेपटीकडचा भाग हुंगला, ओठ वर ओढून क्षणभर तसाच राहिला. मग वळला आणि सावलीत जाऊन पसरला. वहीत मी 6:52 लिहिलंय. अक्षर माझंच आहे हे ओळखू येत नाही.

नोव्हेंबरमध्ये हीच मादी माजावर आली तेव्हा तीन दिवस ती इथल्या जुन्या जोडीतल्या एका नराबरोबर होती. दर वीस-पंचवीस मिनिटांनी एक मिलन. मिनिटभराच्या आत आटपतं. नर मानगुटीला हलकेच दात लावतो, उतरताना ती गुरकावून पंजा उगारते आणि मग पाठीवर लोळते. चौथ्या दिवशी ती नदी ओलांडून गेली आणि आम्हाला सापडली ती या नराबरोबर.

आफ्रिकेतले नर माद्यांच्या कळपातच राहतात. गीरमध्ये नरांच्या जोड्या वेगळ्या, माद्यांचे गट वेगळे. गाठ पडते ती मिलनाला, नाहीतर मोठ्या शिकारीवर. एका मादीच्या इलाख्यात दोन-तीन जोड्या फिरतात. ती सगळ्यांशी जुगते, म्हणजे पिल्लं आपली नाहीत असं कुणालाच ठरवता येत नाही. स्तोत्र चक्रवर्ती आणि यादवेंद्रदेव झाला या सिंहांच्या अभ्यासकांनी 2019 मध्ये हे मांडलं.

त्यामुळे आमच्या टीममधल्या एकानं लगेच लिहून टाकलं: ही मादी या नराला भेटली होती म्हणून हिचे वाचले, ती भेटली नव्हती म्हणून तिचे गेले. मला हे पटत नाही. पलीकडची भेटली नव्हती, असं माझी वही म्हणते. पण तिच्या माजाच्या त्या आठवड्यात मी तापानं फणफणले होते, आणि माझ्या जागी कुणाला पाठवलं नव्हतं. चार दिवस पानं कोरी आहेत. कोऱ्या पानाला 'नाही' म्हणायची घाई आमच्या कामात फार चालते, आणि तिची मला चीड येते.

शिवाय तो नर त्या सकाळी पोटभर खाऊन आला होता का, जोडीदार बरोबर असता तर काय झालं असतं, हे मी कुठल्या रकान्यात लिहू?

मेअखेरीस पलीकडची माजावर आली. याच नराबरोबर. या वेळी आम्ही पाळ्या लावल्या, रात्रीच्यासुद्धा. तिच्या सडांभोवतीची, दूध पाजताना चेपलेली केसांची वर्तुळं अजून पुरती बुजली नव्हती.