‘राजा’ जहाजावरील एका स्त्रीच्या नोंदी वाचताना

ब्रिटन आणि आयर्लंडमधून १८५३ पर्यंत बारा हजारांहून अधिक स्त्री कैदी व्हॅन डीमेन्स लँडला, म्हणजे आजच्या टास्मानियाला, पाठवल्या गेल्या. टास्मानियाच्या राजधानीत, होबार्टला, राहायला आल्यावर त्यांपैकी निदान एकीचे आयुष्य मूळ कागदांतून वाचावे, असे मी ठरवले आणि ‘राजा’ जहाजावरील एक स्त्री निवडली. हे जहाज १८० स्त्रियांना घेऊन एप्रिल १८४१ मध्ये इंग्लंडहून निघाले आणि जुलैत होबार्टला पोचले. वाटेत काही जणींनी मिळून शिवलेली मोठी गोधडी आज कॅनबेराच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयात आहे. तिच्यावर जहाजाचे नाव आहे, शिवणाऱ्यांपैकी एकीचेही नाही.

टास्मानियाच्या अभिलेखागाराच्या नामसूचीत नाव शोधले की मूळ पाने घरबसल्या विनामूल्य पाहता येतात. खरी कसोटी हस्ताक्षराची असते. वर्तन-नोंदवहीत एका कैद्याची सगळी वर्षे दाटीवाटीने कोंबलेली असतात. त्यामुळे अडलेला शब्द त्याच कारकुनाने इतरत्र लिहिलेल्या स्पष्ट शब्दांशी ताडून पाहणे, हाच मला उपयोगी पडलेला मार्ग. माझ्या शोधातील स्त्रीला चोरीसाठी सात वर्षांची शिक्षा होती. त्यापुढे परवानगीविना बाहेर राहणे, जिच्या घरी चाकरीला ठेवले त्या मालकिणीला उलट बोलणे असे एकामागून एक गुन्हे आणि त्यांच्या शिक्षा: पाव-पाण्यावर एकांतकोठडी, नंतर कॅस्केड्स फीमेल फॅक्टरीत, म्हणजे स्त्री कैद्यांकडून काम करून घेणाऱ्या होबार्टच्या तुरुंगात, धुण्याचे कष्ट.

नुसते एवढेच वाचले तर ती बाई भांडखोर वाटते, आणि हा निष्कर्ष मला अन्यायाचा वाटतो. या वहीत अपराध लिहीत, निमूटपणे केलेली चाकरी लिहीत नसत. म्हणून मधली कोरी वर्षे मी नोंदींइतक्याच काळजीने मोजली. विवाह-परवानगीच्या वहीत तिचा अर्ज सापडला, तेव्हा त्यांतील एका कोऱ्या वर्षाचा अर्थ लागला. जन्म आणि मृत्यूच्या नोंदींनी मात्र मन फार जड केले, कारण फॅक्टरीत तान्ह्या मुलांना लवकर अंगावरून तोडून आईपासून दूर ठेवत आणि त्यांतील पुष्कळ मुले दगावत.

सुटकेनंतर सरकारी वही थांबते आणि लग्नामुळे आडनावही बदलते. म्हणून असा शोध घेणाऱ्यांनी प्रत्येक गुन्ह्याशेजारी लिहिलेले मालकाचे नाव सुरुवातीपासूनच उतरवून ठेवावे. ती कोणत्या भागात चाकरीला होती हे मला त्यावरूनच कळले, आणि पुढे विवाहाची नोंदही त्याच भागात मिळाली.