सात-सहा : जमैकातल्या साउंड क्लॅशची एक रात्र

टोरांटोत एग्लिंटन वेस्टचा जो पट्टा ‘लिटल जमैका’ म्हणून ओळखला जातो, तिथल्या एका न्हाव्याकडे मी सहा वर्षं केस कापतोय. एकदा त्याला आमच्या चिपळूणकडच्या शक्ती-तुऱ्याबद्दल सांगत होतो. शक्तीवाले आणि तुरेवाले समोरासमोर, एका शाहिराने सवाल टाकायचा, दुसऱ्याने गाण्यातूनच उत्तर द्यायचं, मध्ये टोमणे, आणि हे सगळं पहाटेपर्यंत. त्याची कात्री थांबली. म्हणाला, "मग तू क्लॅश बघितलाच पाहिजेस. यूट्यूबवर नाही. जमैकात."

फेब्रुवारीत रजा काढली. टोरांटोहून किंग्स्टनला थेट विमान आहे, चारेक तासांचं. मुंबईहून निघणाऱ्यांना लंडन किंवा मायामीसारख्या ठिकाणी विमान बदलावं लागेल. त्यासाठीही व्हिसा लागू शकतो, तेव्हा आधी ते बघा आणि मग तिकीट काढा. वीज ११० व्होल्टची, पिना चपट्या दोन. आपला गोल पिनांचा चार्जर तिथे नुसता शोभेला.

साउंड सिस्टिम म्हटलं की आपल्याकडच्या माणसाच्या डोळ्यांसमोर डॉल्बीची भिंत येते. माझ्याही आली होती. पण जमैकात ‘साउंड’ म्हणजे अख्खा फड असतो: स्पीकरच्या पेट्या, अ‍ॅम्प्लिफायर, गाणं निवडणारा सिलेक्टर, माइकवर बोलणारा, पेट्या उचलणारी पोरं, ट्रक, आणि या सगळ्यावर एक नाव. असे दोन साउंड एका मैदानात समोरासमोर गाण्यांनी भिडले की तो क्लॅश. लोक त्या नावाच्या बाजूचे असतात. माझा न्हावी किलामंजारोवाला. त्याच्या शेजारच्या खुर्चीवरचा बेस ओडिसीवाला. दोघं एकमेकांच्या गिऱ्हाइकांना फितवत असतात.

किंग्स्टनमध्ये पहिला दिवस ऑरेंज स्ट्रीटला द्या, पण दिवसाउजेडीच. एके काळी हा रेकॉर्डच्या दुकानांचा रस्ता होता. आता मोजकीच उरलीत, त्यांतलं रॉकर्स इंटरनॅशनल अजून उघडं असतं. भांडणाची सुरुवात याच भागातली. १९५०च्या दशकात ड्यूक रीड आणि कॉक्सन डॉड हे दोन मोठे साउंडवाले. रीड आधी पोलिसात होता आणि नाचाच्या जागीही कमरेला पिस्तूल लावून यायचा. तेव्हा गाणी अमेरिकेतून यायची. ज्याच्याकडे दुसऱ्याजवळ नसलेली रेकॉर्ड, त्याच्याकडे गर्दी. म्हणून रेकॉर्डवरचं लेबल खरवडून टाकायचे, म्हणजे गाणं कोणाचं ते कळू नये. विलिस जॅक्सन या सॅक्सोफोनवाल्याची एक रेकॉर्ड कॉक्सनने ‘कॉक्सन हॉप’ नाव देऊन वर्षानुवर्षं स्वतःची म्हणून मिरवली. शेवटी रीडने तीच रेकॉर्ड शोधून काढली आणि भर नाचात लावली. तिथे उभ्या असलेल्या कॉक्सनचं काय झालं असेल, ते ज्याच्या बुवाची बारी कधी पडली आहे त्याला सांगायला नको.

लेबल खरवडण्याचे दिवस गेले आणि डबप्लेट आली. गायकाला गाठायचं, पैसे मोजायचे, त्याचंच गाजलेलं गाणं शब्द बदलून पुन्हा गाऊन घ्यायचं: त्यात आपल्या साउंडचं नाव, समोरच्याची अब्रू. पूर्वी ते अ‍ॅसिटेटच्या तबकडीवर कापून घेत. ती मऊ, वाजवून वाजवून झिजायची, म्हणून खास रात्रींसाठी जपून ठेवायची. आता बहुतेक लॅपटॉपवरून वाजतं, पण नाव डबप्लेटच. आवाजाचा जोर म्हणजे नुसतं प्रवेशाचं तिकीट. खरी लढाई तुमच्या पेटीत काय आहे आणि ते कधी बाहेर काढता याची. योकोहामाच्या मायटी क्राउन या जपानी साउंडने १९९९ मध्ये न्यूयॉर्कला वर्ल्ड क्लॅश जिंकला तो असाच.

क्लॅश रोज नसतो. तोवर कान तयार करायला दोन जागा. बुधवारी रात्री बर्लिंग्टन अ‍ॅव्हेन्यूवर स्टोन लव्ह या साउंडच्या अंगणात आणि रविवारी जॅक्स हिलवर डब क्लबमध्ये. दुसरीकडून खाली अख्ख्या किंग्स्टनचे दिवे दिसतात. दोन्हीकडे दहाच्या आत जाऊ नका, मी साडेआठला जाऊन वायरी जोडणाऱ्यांशी गप्पा मारत बसलो. वार आणि जागा बदलतात, उतराल तिथे विचारून घ्या.

आता क्लॅशची रात्र. ती सेंट अ‍ॅन परगण्यातल्या एका गावात होती. विजेच्या खांबावरच्या पोस्टरवरून कळलं. तुम्हालाही तसंच कळेल, नाहीतर गेस्टहाउसच्या मालकिणीच्या भाच्याच्या व्हॉट्सअ‍ॅपवरून. न्यू किंग्स्टनहून नट्सफर्ड एक्स्प्रेसची एसी बस ओचो रिओसला जाते, साधारण दोन तास. बसमध्ये थंडी वाजते, जॅकेट न्या. पुढे शेअर टॅक्सी. लाल नंबरप्लेट असेल तरच बसायचं, बाकीच्या बेकायदेशीर.

दोन्ही साउंडची नावं सांगत नाही, कारण हरलेल्याच्या बाजूने ओरडत होतो तो मीच. मैदानाच्या दोन टोकांना दोन भिंती, मधोमध आपण, भोवती पत्र्याचं कुंपण. फाटकावर रोख पैसे, सुट्टे ठेवा. ड्रम कापून केलेल्या भट्टीवर जर्क चिकन आणि शेजारच्या पातेल्यात बोकडाचं मटण, हळद आणि करी मसाल्यातलं. १८४५च्या मे महिन्यात ओल्ड हार्बर बे इथे भारतातले पहिले मजूर उतरले, त्यांच्यामुळे करी गोट आता जमैकाचं झालंय. वाढणाऱ्या बाईने मला ‘कूली मॅन’ म्हणून हाक मारली. दचकलो. पण तिच्या आवाजात दुखावण्यासारखं काही नव्हतं, आणि पळीभर रस्सा जास्तच पडला.

पहिल्या फेऱ्या अर्ध्या-अर्ध्या तासाच्या होत्या. इथे एक चूक करू नका. मी बेसच्या पेट्यांसमोर दहा फुटांवर उभा होतो, शर्टाची बटणं थरथरत होती, मजा वाटत होती. कानात काही घातलं नव्हतं. पुढचे दोन दिवस कुकरची शिट्टी ऐकत फिरलो. इअरप्लग औषधाच्या दुकानात मिळतात, घरूनच न्या. उभं राहायला सगळ्यात चांगली जागा पत्र्याजवळ, कारण निकाल तिथे लागतो. गाणं लागलं की लोक पत्रा बडवतात, भोंगे फुंकतात, लायटर पेटवतात. आमच्या शेजारी एक आजी पातेल्याची दोन झाकणं घेऊन आल्या होत्या. आवाज पुरेसा झाला की सिलेक्टर गाणं थांबवून पहिल्यापासून लावतो. गाणं थांबलं म्हणजे काही बिघडलं असं समजू नका, तो मान आहे.

शेवटची फेरी ‘डब फी डब’: एकाचं एक, मग दुसऱ्याचं एक, प्रत्येक जोडीला गुण. समोरच्याने वाजवलेलं गाणं पुन्हा वाजवलं की बाद. एरवी दहापर्यंत जातात, इथे वेळ नव्हता म्हणून सात ठरले. १९९७च्या आवाजबंदीच्या कायद्याने शुक्रवार-शनिवारी रात्री दोनला बंद करावं लागतं, आणि पावणेदोनलाच पोलिसांची जीप फाटकाशी येऊन उभी राहिली. गुण सहा-सहा.

माझ्या बाजूच्या तरुण सिलेक्टरने त्या वर्षीचं सगळ्यात गाजलेलं गाणं लावलं, साउंडच्या नावासकट. पत्रा दणाणला. मला वाटलं, संपलं. समोरचा म्हातारा माइकवर घाईत नव्हता. म्हणाला, "पोरा, तुझा गायक अजून जिवंत आहे. मी उद्या त्याला फोन करीन, तो माझ्यासाठीही गाईल." मग थांबला. आणि डेनिस ब्राउनचा आवाज आला, त्या म्हाताऱ्याच्या साउंडचं नाव घेत. डेनिस ब्राउन हा रेगेचा मोठा गायक १९९९ मध्येच गेला. ही डबप्लेट आता कोणालाही, कितीही पैसे टाकून मिळणार नाही, हे कळायला गर्दीला एक ओळ पुरली. दुसरी ओळ ऐकूच आली नाही. आजींनी झाकणं माझ्या हातात दिली आणि डोक्यावरचा रुमाल काढून हवेत फिरवायला लागल्या. तरुण पोरगा "नाव चिकटवलंय, खोटी आहे!" असं ओरडत राहिला, पण त्याचा माइक कोणीतरी बंद केला होता. सात-सहा.

जाणाऱ्यांसाठी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट: परतीच्या गाडीचे पैसे आधी देऊ नका. मी दिले होते. अडीचला यायचा होता तो आलाच नाही, फोन बंद. अंधारात अनोळखी रस्त्याने चालत निघणं वेडेपणा, म्हणून जर्कवाल्याच्या बाकावर बसून राहिलो. पोरं पेट्या ट्रकमध्ये चढवत होती. फोटो काढायला मोबाइल वर केला तर एकाने हाताने खाली करायला लावला. आधी विचारलं तेव्हा मात्र स्वतःच पेटीला टेकून उभा राहिला.

साडेपाचला चौकात शेंगदाण्याची लापशी विकणारा आला, दालचिनी-जायफळाच्या वासाची, गरम. पहिली टॅक्सी सहाला लागली. ती चौघं भरल्याशिवाय हलत नाही. चौथी सवारी त्या आजी होत्या. मी विचारलं, म्हातारा नेहमी असाच जिंकतो का? म्हणाल्या, मागच्या वर्षी याच पोराने त्याला सात-दोन झोपवला होता. मग त्यांनी हात पुढे केला. झाकणं अजून माझ्याच पिशवीत होती.