लेझीम आणि कानावरचे हात

खानापूर तालुक्यातल्या आमच्या मराठी शाळेत गॅदरिंग म्हटलं की महिनाभर आधीपासून पोरांच्या अंगात येतं. गेल्या वर्षी याच गॅदरिंगमध्ये माझ्या हातून एक चूक झाली. वर्गातल्या स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेल्या, मुलाला मी सगळ्यांबरोबर रंगमंचावर उभं केलं. स्पीकर सुरू झाला तसा तो कान दाबून खाली बसला आणि गुडघ्यांवर डोकं आपटायला लागला. त्याची आई पोरांच्या गर्दीतून वाट काढत आली आणि त्याला उचलून घेऊन गेली. त्या रात्री मला झोप लागली नाही. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नता आहे, हे प्रशिक्षणात ऐकलेलं होतं. पण त्याला काय सोसतं आणि काय नाही, हे मी त्याच्या आईला एकदासुद्धा विचारलं नव्हतं.

यंदा आधी त्यांच्या घरी गेले. आई म्हणाली, "बाई, मिक्सर लावला की तो पळतोय. पण ताट-वाटी स्वतः तासभर वाजवत बसतोय."

तिथेच मला वाट सापडली. बाहेरून अचानक येऊन आदळणारा आवाज त्याला सोसत नाही, स्वतःच्या हातातला सोसतो. मी रेकॉर्डवरचं गाणं काढून टाकलं आणि लेझीम बसवायचं ठरवलं. पहिले तीन दिवस त्यानं नुसती लेझीम कानाशी धरली. चकत्यांवर अंगठा दाबायचा, आवाज बंद. अंगठा काढायचा, आवाज सुरू. हे त्यानं किती वेळा केलं असेल! मी मध्ये पडले नाही. हलगी आधी मैदानाच्या पार टोकाला, आंब्याखाली वाजायची. मग रोज दहा पावलं जवळ. फाटक, मैदान, लेझीम, व्हरांडा अशी चार चित्रं पुठ्ठ्यावर काढून त्याच्या दप्तरात ठेवली. फेटा त्याला टोचायचा, म्हणून धुऊन मऊ झालेली टोपी.

गॅदरिंगच्या दिवशी पाहुण्यांचं भाषण चालू असताना माइक किंचाळला. तो व्हरांड्यातल्या खांबामागे जाऊन बसला. आई मागच्या फाटकाजवळच्या खुर्चीवर, पिशवी मांडीवर घेऊन, निघायच्या तयारीत. मी धावणार होते, तेवढ्यात त्याच्या बाकावरची मुलगी माझ्याआधी पोचली. तिनं त्याला हात लावला नाही की हाकही मारली नाही. चार हातांवर बसली आणि स्वतःची लेझीम अगदी हळू वाजवायला लागली. दोन ठोके, थांबा. दोन ठोके, थांबा. बऱ्याच वेळानं खांबामागून दोन ठोके आले.

आमची पाळी आली तेव्हा मी सगळ्यांना रंगमंचावरून खाली घेतलं. सराव मैदानात झाला होता, नाचही मैदानातच. स्पीकर बंद, नुसती हलगी. तो रांगेच्या टोकाला होता. बसताना एक ठोका उशिरा, उठताना एक ठोका आधी. मधल्या एका फेरीत तो थांबला, अंगठ्यानं चकत्या दाबल्या, पुन्हा सोडल्या आणि हसला. असा मोठ्यानं हसताना मी त्याला पहिल्यांदाच पाहिलं. आईनं पिशवी खाली ठेवली होती.

नाच संपल्यावर तो घरी जाईना. चोवीसच्या चोवीस लेझिमी त्यानं ओट्यावर ओळीनं मांडल्या, सगळ्यांच्या मुठी एकाच बाजूला. आई शेजारी बसून राहिली.